काळ्या रानासाठी मालवाहू गाडी: कोणती घ्यावी, तिच्यावर काय बसवावं

प्रश्न थोडक्यात असा. घनसावंगी तालुक्यात 18 एकर शेती, त्यात 5 एकर मोसंबी, बाकी कापूस, तूर, सोयाबीन. चार म्हशी. गावापासून आखाडा, म्हणजे शेतातला गोठा-वस्तीची जागा, 3 किलोमीटर. त्यातले अडीच किलोमीटर पाणंद रस्ता मुरमाचा, शेवटचा अर्धा किलोमीटर निव्वळ काळी माती. घरी 35 एचपीचा ट्रॅक्टर आहे. छोटा हत्ती घ्यावा, बोलेरो पिकअप घ्यावी की फोर बाय फोर कॅम्पर? आणि घेतल्यावर वर काय काय बसवून घ्यावं? वडिलांचं म्हणणं, ट्रॅक्टर-ट्रॉली दारात असताना गाडी कशाला.

वडिलांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. भिजलेल्या काळ्या मातीत ट्रॅक्टर जाईल तिथे कुठलीच पिकअप जाणार नाही, मग ती फोर बाय फोर असो नाहीतर आणखी काही. उरलेलं अर्धं म्हणजे मोंढा, डेअरी, खताचं दुकान आणि दवाखाना. तिथे ट्रॉली जोडून जाण्यात वेळही जातो आणि डिझेलही. म्हणून गाडी घ्यायची ती डांबरी आणि मुरमाच्या रस्त्यासाठी. शेवटचा अर्धा किलोमीटर पावसाळ्यात ट्रॅक्टरवर सोडायचा. एवढं पक्कं ठरवलं तर बरेच पैसे वाचतात, कारण लोक जो खर्च करतात तो नेमका याच अर्ध्या किलोमीटरसाठी.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि चिकटते. एक चांगला पाऊस झाला की चाकाच्या दोन फेऱ्यांत टायरच्या खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. पुढे तोच गारा मडगार्ड आणि टायरच्या मधे इतका दाबून बसतो की चाक फिरायचं थांबतं. अशा वेळी चारही चाकांना ताकद मिळाली तरी चारही चाकं जागेवरच फिरतात. फोर बाय फोरचा खरा उपयोग बालाघाटच्या अंगाला, आष्टी-पाटोद्याच्या मुरमाड चढांवर, किंवा वाळूचा ओढा ओलांडताना होतो. तुमच्या गोदाकाठच्या रानात त्याचा फायदा मोसमातले मोजके दिवस, आणि वजन, डिझेल व देखभाल मात्र बारमाही. बोलेरो कॅम्पर आणि टाटा योद्धा या दोन्हींत फोर बाय फोर निघाल्या आहेत. तरी तुमच्या वापराला मी ती सुचवणार नाही.

आता वजनाचा हिशोब करू. गाडी त्यावरच ठरते. मोसंबीचा एक क्रेट भरून साधारण 22 किलो धरा. 55 क्रेट म्हणजे 1210 किलो. छोट्या हत्तीची क्षमता 750 किलोच्या आसपास, म्हणजे 34 क्रेट. बोलेरो पिकअपच्या 1.3 टनी मॉडेलमध्ये 55 क्रेट आणि वर ताडपत्री बसते. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: मोसंबी तुम्ही स्वतः बाजारात नेता, की बाग झाडावरच व्यापाऱ्याला देता? व्यापारी बाग घेत असेल तर तोडणीही त्याची आणि गाडीही त्याची. मग तुमच्या रोजच्या कामाला उरतं काय? दुधाचा एक कॅन, आठवड्याला सरकी पेंडीची दोन पोती, मोसमात डीएपीच्या 50 किलोच्या आणि युरियाच्या 45 किलोच्या गोण्या, विहिरीवरची मोटर काढली तर ती. एवढ्याला छोटा हत्ती किंवा मारुतीची सुपर कॅरी पुरेसे आहेत आणि दोन्ही पेट्रोलमध्ये मिळतात. अडचण आहे चाकाची. 12-13 इंची चाकाची गाडी ट्रॅक्टरच्या चाकोरीत उतरली की मधला उंचवटा थेट पोटाला लागतो. मुरमाचा पाणंद दुरुस्त असेल तर हरकत नाही. चाकोऱ्या खोल असतील तर 15 इंची चाकाचीच गाडी घ्या. आणि चाकोरीत चालवताना एक बाजू उंचवट्यावर, दुसरी बाजू चाकोरीबाहेरच्या काठावर ठेवा. दोन्ही चाकं चाकोरीत घातली की डिफरन्शियल, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधलं गिअरचं बोंड, घासलंच म्हणून समजा.

पेट्रोल-डिझेलचा मुद्दा हल्ली मायलेजपुरता राहिलेला नाही. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बीएस-6, म्हणजे धुराच्या कडक नियमांच्या, आल्या, आणि अशा डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ही काजळी जळायला इंजिन चांगलं तापून सलग 20-25 मिनिटं एका वेगात चालावं लागतं. गाव ते आखाडा 3 किलोमीटर, दहा मिनिटांत इंजिन बंद, असं आठवडेच्या आठवडे चाललं की जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीची ताकद कमी होते आणि शेवटी शोरूमला ओढून न्यावी लागते. दोष गाडीचा नसतो, वापराचा असतो. डिझेल घेणार असाल तर आठवड्यातून एकदा तरी अंबड किंवा जालन्याची फेरी होतेच ना, हे पाहा. होत नसेल तर पेट्रोल घ्या.

याच डीपीएफचा दुसरा धोका खळ्यावर असतो. काजळी जळत असताना आतलं तापमान 600 अंशांच्या आसपास जातं. अशी तापलेली गाडी सोयाबीनच्या भुसकटावर किंवा कडब्याच्या गंजीला खेटून उभी केली तर आग लागायला वेळ लागत नाही. खळ्यात गाडी मोकळ्या, झाडलेल्या जागेवरच लावा. केबिनमध्ये 2 किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक नळकांडं ठेवा, पण सीटखाली पुरून नव्हे, हाताला लागेल असं.

आणखी एक, कारण खेड्यात हे हमखास होतं. ज्या गाडीला डीईएफची, म्हणजे धूर साफ करणाऱ्या द्रवाची, वेगळी टाकी असते, तिच्या त्या द्रवाला ड्रायव्हर लोक सरसकट 'युरिया' म्हणतात. तो शेतातला युरिया नव्हे. गोणीतला युरिया पाण्यात विरघळवून त्या टाकीत ओतला तर नोझल आणि पुढची सगळी यंत्रणा जाते, आणि ते बिल वॉरंटीत बसत नाही.

मजुरांची ने-आण रोजची असेल तर मात्र निवड बदलते. हौद्यात माणसं बसवणं बेकायदा तर आहेच, शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई मालकाच्या अंगावर येते. कापूस वेचणीला बायका हौद्यात बसवून नेण्याची रीत सगळीकडे आहे म्हणून ती चालते असं नाही. पाच माणसं रीतसर सीटवर बसवायची असतील तर कॅम्परसारखी डबल केबिन घ्या, साधी टू व्हील ड्राइव्ह. हौदा आखूड होतो, क्षमता टनाच्या आसपास येते. ते मान्य असेल तरच.

तुम्ही लिहिलंय त्यावरून माझं मत: मोसंबी स्वतः विकत असाल तर 1.3 टनी पिकअप, सिंगल केबिन, टू व्हील ड्राइव्ह. बाग व्यापाऱ्याला देत असाल तर लहान पेट्रोल गाडी. फोर बाय फोरचे वाचलेले पैसे त्या अर्ध्या किलोमीटरवर घाला.

तो खर्च कसा करायचा तेही सांगतो. 3 मीटर रुंद आणि दाबून 15 सेंटिमीटर जाडीचा थर धरला तर दर 100 मीटरला 45 घनमीटर, म्हणजे जवळपास 16 ब्रास मुरूम लागतो. सैल मुरूम दबून बसतो, त्यामुळे 20 ब्रास मागवा. पण नुसता मुरूम काळ्या मातीवर टाकला तर दोन पावसाळ्यांत ती तो गिळते. आधी दोन्ही बाजूंनी दोन फूट खोल चर काढा, मधला भाग थोडा उंच ठेवा, खाली दगडाचा थर द्या आणि मग मुरूम. हे काम एप्रिल-मे मध्ये, माती कोरडी ठणठणीत असताना. मुरमाच्या रॉयल्टीची पावती जवळ ठेवा. सरकारच्या शेत-पाणंद रस्ते योजनेत तुमचा रस्ता बसतो का, हे ग्रामपंचायतीत विचारून मगच खिशात हात घाला.

आता वर काय बसवायचं. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. गाडी शोरूममधून निघाली की थेट वेल्डिंगच्या दुकानात जाते आणि दोन दिवसांत तिच्या क्षमतेचा पाचवा हिस्सा लोखंडातच संपतो. हिशोब पाहा. हौदा साधारण 9 बाय साडेपाच फूट, म्हणजे 4.6 चौरस मीटर. त्यावर 3 मिलिमीटरची चेकर प्लेट टाकली की 115 किलो. दीड इंची चौकोनी पाइप, 2 मिलिमीटर जाडीचा, मीटरला सव्वादोन किलो भरतो. चाऱ्यासाठी उंच सांगाड्याला 30 मीटर पाइप लागला तर आणखी 68 किलो. हत्यारांची पेटी हत्यारांसकट 40, पुढचा लोखंडी गार्ड 40. झाले 260 किलो. म्हणजे मोसंबीचे बारा क्रेट दर फेरीला घरीच ठेवायचे. पुढचा गार्ड तर लावूच नका. 2017 मध्ये केंद्राने असे गार्ड बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं आहे.

चेकर प्लेटऐवजी 12 मिलिमीटरची वॉटरप्रूफ प्लाय टाका, वजन 37 किलोच्या आसपास. पाणी निघायला कोपऱ्यात चार भोकं ठेवा, नाहीतर प्लायखाली पाणी साचून मूळचा पत्रा खालून सडतो. युरिया सांडला की तोही ओल धरून पत्रा खातो, म्हणून खताच्या फेरीनंतर हौदा पाण्याने धुऊन घ्या. सांगाडा कायमचा वेल्ड करू नका. हौद्याच्या कडेला खाचा असतील तर त्यांत उभे पाइप बसतील आणि खिट्टी काढली की निघतील असा करा. कडबा आणायच्या दिवसांत लावायचा, एरवी आखाड्यावर ठेवायचा. रचनेत कायमचा बदल केला तर आरटीओची मंजुरी लागते, आणि फिटनेसच्या वेळी तेच आडवं येतं.

मागच्या पाट्यात (लीफ स्प्रिंगमध्ये) जादा पाटा घालून घेण्याचा सल्ला गॅरेजवाला हमखास देईल. नको. रिकामी गाडी उड्या मारते, मागचं चाक रस्ता सोडतं, आणि वाढवलेल्या लोडने चेसिसला पाट्याच्या हँगरपाशी तडे जातात. त्याहून मोठी गोष्ट ब्रेकची आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक दांडीवाला व्हॉल्व्ह असतो. हौदा किती खाली दबला यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. जादा पाटा घातला की हौदा दबत नाही, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीत मागचे ब्रेक कमी लागतात. उतारावर ते कळतं, पण उशिरा.

टायरवर मात्र खर्च करा. मागे खोल, रुंद खाचांचे एलटी (हलक्या मालवाहू गाडीचे) टायर घ्या, चिखल स्वतःहून फेकणारे. पुढे साधे रस्त्याचे चालतील, स्टिअरिंग हलकं राहतं. एका ॲक्सलवर दोन जातींचे टायर नकोत. पऱ्हाटीचे तिरपे कापलेले सड आणि वेड्या बाभळीचे काटे ही आपल्याकडची नेहमीची दुखणी. काटा तळव्याला गेला तर ट्यूबलेसमधून हवा हळू जाते, घरी पोचता येतं. सड बाजूच्या भिंतीत घुसला तर टायर गेलाच, त्याला पंक्चर चालत नाही. म्हणून पऱ्हाटी काढलेल्या वावरात गाडी घालायचीच नाही. सोबत पंक्चरच्या पट्ट्यांचं किट आणि बॅटरीला चिमटे लावून चालणारा हवेचा पंप ठेवा. मऊ जागेत अडकायची वेळ आली तर रिकाम्या गाडीच्या मागच्या टायरची हवा 22 ते 25 पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो, पकड वाढते. त्याखाली गेलात तर तो रिमवरून निसटेल. डांबरीवर यायच्या आत हवा दारावरच्या पट्टीवर लिहिल्याएवढी भरा.

रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, त्यामुळे ओल्या मुरमावरही चाक फिरतं. पावसाळ्यात मागच्या ॲक्सलच्या वर वाळूची चार-पाच पोती, साधारण 200 किलो, दोराने बांधून ठेवा. फरक लगेच जाणवतो. भरून यायचं असेल तेव्हा उतरवायला विसरू नका.

अडकलात तर ॲक्सिलेटर दाबत बसू नका, चाक फक्त खोल जातं. डिफरन्शियलचं बोंड मातीवर टेकलं आहे का ते वाकून पाहा. टेकलं असेल तर आधी त्याखालची माती काढा, मग चाकांच्या पुढची. चाकाखाली तुराट्यांचा भारा आडवा टाका, त्यावर भिजवलेला बारदाना. गाडीत कायम हवं ते एवढंच: एक खोरं, एक पहार, जॅकखाली ठेवायला फूटभर लांबी-रुंदीची जाड फळी (नाहीतर जॅकच चिखलात उतरतो), 8 ते 10 टन ताणाचा पॉलिस्टरचा बेल्ट आणि तो अडकवायला दोन शॅकल (खिट्टीच्या लोखंडी कड्या). ट्रॅक्टरने ओढताना बेल्ट चेसिसच्या हुकालाच अडकवा, बंपरला किंवा ॲक्सलला नाही. तारेचा दोर वापरावाच लागला तर मधोमध ओलं पोतं टाका आणि माणसं लांब उभी करा. तुटलेली तार पाय कापून नेते.

पाण्याची टाकी. मोसंबी 18 बाय 18 फुटांवर असेल तर एकरी 134 झाडं, झाडाला 8 लिटर धरलं तरी एकराला हजार लिटरच्या वर द्रावण. ही फवारणी पिकअपवर बसवलेल्या पंपाने करायच्या भानगडीत पडू नका. ओल्या ओळीत गाडी जाणार नाही आणि कोरड्या ओळीत फांद्या केबिन ओरखडतील. ते काम ट्रॅक्टरचं. पिकअपने बांधापर्यंत पाणी पोचवायचं. हजार लिटरच्या एका टाकीऐवजी पाचशेच्या दोन घ्या, केबिनला चिकटवून बसवा, आणि एक पूर्ण रिकामी झाल्यावरच दुसरी उघडा. अर्धी भरलेली मोठी टाकी वळणावर पाणी एका बाजूला फेकते आणि गाडी तिच्यामागे जाते. प्रत्येक टाकीवरून 50 मिलिमीटरचे दोन रॅचेट बेल्ट हवेत. नायलॉनचा दोर ओला झाला की सैल पडतो.

दिवे लावायचे तर केबिनच्या मागे, हौद्याकडे तोंड करून 40 वॅटचे दोन एलईडी पुष्कळ झाले. दोन्ही मिळून सात अँपिअरही ओढत नाहीत. अडीच चौरस मिलिमीटरची वायर, रिले आणि 15 अँपिअरचा फ्यूज लागेल. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, कारण वायर पुढे कुठेही घासली तर फ्यूज उडतो, आग लागते ती फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्यातच. वायर नालीदार पाइपमधून न्या. आखाड्यावर उभ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात, रात्री बॉनेट उघडं ठेवलं तर थोडं कमी होतं.

म्हैस न्यायची असेल तर मोटार वाहन नियमांनुसार गायी-म्हशीला प्रत्येकी 2 चौरस मीटर जागा आणि मधे कप्पे लागतात. तुमच्या 4.6 चौरस मीटरच्या हौद्यात दोनच बसतात. खाली रबर मॅट आणि वर भुसकट, नाहीतर पाय घसरून म्हैस बसते आणि मग उठत नाही.

कागदांचं थोडक्यात. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांखालची मालवाहू गाडी चालवता येते, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं आहे. गाडीचं एकूण वजन, म्हणजे मालासकट, 3000 किलोंच्या आत असेल तर परमिट लागत नाही, म्हणून आरसीवरचा आकडा आधी वाचा. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

जुनी घेणार असाल तर गोदाकाठची गाडी घेताना एक गोष्ट आवर्जून पाहा: ती वाळू वाहायला वापरलेली आहे का. हौद्याच्या कोपऱ्यांत आणि चेसिसच्या पट्टीत बोट फिरवा, वाळूचे कण वर्षानुवर्षं निघत राहतात. मागून लांब उभं राहून दोन्ही मागची चाकं पाहा. वरच्या बाजूने आत झुकलेली दिसली किंवा टायर आतल्या कडेने जास्त झिजले असतील तर ॲक्सलचं घर वाकलं आहे. चेसिसला खालून ताजा काळा रंग मारलेला असेल तर केबिनच्या मागे आणि पाट्याच्या हँगरपाशी नखाने खरवडा, वेल्डिंग तिथेच लपवतात. इंजिन गरम असताना तेलाचं झाकण उघडा. भकाभक धूर आला तर तिथून परत फिरा. डिफरन्शियलचं तेल थेंबभर काढून पाहा. दुधाळ चहासारखं निघालं तर गाडी पाण्यातून गेली आहे, बेअरिंगचा खर्च किमतीतून कापून घ्या. बँकेचा बोजा उतरलेला असावा, ऑनलाइन चलनं भरलेली असावीत आणि फॉर्म 29, 30 व 35 वर सह्या झालेल्या असाव्यात. त्याशिवाय इसार देऊ नका.

घेतल्यानंतर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सची ताकद मागच्या ॲक्सलला नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसना ग्रीस मारा, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. ओढ्यातून गेलात तर त्याच दिवशी. सोयाबीनच्या काढणीत रेडिएटरमध्ये भुसकट आणि कापसाचे तंतू अडकतात, ते इंजिनच्या बाजूने बाहेर हवा मारून काढा. समोरून जोरात पाणी मारलं तर ते आणखी आत जातं आणि पातळ पत्र्या वाकतात. एअर फिल्टरलाही हवा आतून बाहेर, 30 पीएसआयच्या वर नाही. डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी महिन्यातून एकदा सोडा, आणि कॅनमधलं डिझेल ओतत असाल तर दर आठवड्याला.